बोटभर छिन्नी

“नवा खांदा मिळत असताना जुना कुरवाळत का बसायचं, आप्पा?”

मुरारीने हा प्रश्न उभ्या-उभ्याच विचारला. उजवा हात त्याने डाव्या हाताने पोटाशी धरला होता.

सिद्रामआप्पा मूर्तिशाळेच्या पडवीत बसले होते. वारणाकाठच्या त्या गावात दगडातून देव घडवणारे ते सर्वांत वृद्ध कारागीर. मुरारी त्यांचा पट्टशिष्य, वय अडतीस.

अंगणात गावदेवीची काळ्या पाषाणाची मूर्ती उताणी निजवलेली होती. घडण पूर्ण झाली होती. डोळे तेवढे उघडायचे राहिले होते.

“डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?”

“सांध्यातली कूर्चा झिजली आहे. हाडावर हाड घासतं. अडतिसाव्या वर्षी सत्तरीचा खांदा घेऊन आलात, म्हणाल्या.”

“आणि उपाय?”

“दोन आहेत. लहान छिद्रांतून दुर्बीण घालून सांधा साफ करायचा. सुटलेले तुकडे काढायचे, वाढलेलं हाड तासायचं, सांध्याभोवतीचं आवळलेलं वेष्टन सैल करायचं. दुखणं कमी होईल, पण किती वर्षं ते सांगता येत नाही. नाहीतर सरळ कृत्रिम सांधा.”

“त्यांचा कल कुठे?”

“साफ करण्याकडे. या वयात कृत्रिम सांधा घातला, तर तो माझ्याआधी झिजेल म्हणतात. मग पुन्हा उघडायचा, आणि दर खेपेला हाड कमी उरणार. तो पुढे, वय झाल्यावर बघू, म्हणाल्या.”

“घण मारता येईल?”

“दोन्हींत नाही. हलकी हातोडी चालेल म्हणे.” मुरारी हसला. “मी सांगितलं, तुम्ही नवा सांधा घाला, घणाचं मी बघतो.”

“तू बघणार.”

“आप्पा, माझा घाव वेशीपर्यंत ऐकू येतो. पंचक्रोशीत असा हात नाही.”

“ऐकू येतो खरा. बावीस वर्षं ऐकतो आहे.”

मुरारीला ती स्तुती वाटली.

“चिरे फोडायला चार गडी आहेत,” आप्पा म्हणाले. “तरी घण तूच उचलतोस. का?”

“त्यांना माझ्यासारखं जमत नाही.”

“आणि डोळे कुणाला जमतात?”

“तुम्हाला.”

आप्पांनी आपला उजवा हात पुढे केला. बोटे वाऱ्यावरच्या पानासारखी थरथरत होती.

“आता सांग.”



…

आप्पांनी उशाखालून एक फडके काढले. त्यात बोटभर लांबीची छिन्नी होती.

“ही ओळखतोस?”

“डोळ्यांची छिन्नी.”

“माझ्या गुरूंनी दिली, तेव्हा वीतभर होती. बोथट झाली की लोहार तापवून धार काढायचा, पाणी द्यायचा. दर खेपेला थोडी आखूड. हिच्याने चिरा फोडू?”

“मोडेल.”

“मग फेकून देऊ?”

त्या मूर्तिशाळेचा रिवाज मुरारीला ठाऊक होता: देवाचे डोळे नव्या छिन्नीने कधीच उघडायचे नाहीत, शाळेत जी सर्वांत झिजलेली असेल, तिनेच उघडायचे.

“डावा हात उजव्या खांद्यावर ठेव.”

त्याने ठेवला.

“बावीस वर्षं हा तुझ्यासाठी राबला. कधी विचारपूस केलीस?”

“दुखायला लागल्यावर … शिव्या दिल्या.”

“बरं. आज नुसता हात ठेव.”

मुरारी तसाच उभा राहिला.

“आप्पा, साफ करूनही जमलं नाही, तर? देवीचे डोळे मिटलेलेच राहिले, तर?”

“देवीला घाई नाही,” आप्पा म्हणाले. “घाई तुला आहे.”

…

शस्त्रक्रिया पार पडली. मुरारीने सांधा साफ करून घेतला. नवा मागितला नाही.

पहिले काही दिवस हात गळ्यातल्या झोळीत होता. पुढे तो रोज भिंतीपाशी उभा राहून बोटांनी भिंत चढू लागला. प्रत्येक दिवशी पोहोचेल तिथे कोळशाची रेघ. गडी म्हणत, “मालक, मूर्ती सोडून भिंत घडवायला घेतली काय?” तोही हसे. चिरे आता तेच फोडत होते, आणि बरे फोडत होते. त्याने तसे त्यांना सांगितलेही. गडी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी हलक्या हातोडीला परवानगी दिली. मुरारीने त्यांना वाकून नमस्कार केला. त्या संकोचल्या. “अहो, हात खांद्याच्या फारसा वर जात नाही अजून,” म्हणाल्या.

“देवी निजलेली आहे, बाई. तेवढा वर लागत नाही.”

डोळे उघडण्याच्या दिवशी सकाळीच सर्वांना अंगणाबाहेर पाठवण्यात आले. उघडताना कारागिराखेरीज ते कुणी पाहायचे नसतात. आप्पा तेवढे पडवीत राहिले, मूर्तीकडे पाठ करून.

मुरारी गुडघ्यांवर बसला. त्याने डावा तळवा उजव्या खांद्यावर ठेवला. क्षणभर डोळे मिटले. मग फडके सोडले.

छिन्नी एवढी आखूड होती की जोर लावायला जागाच नव्हती. हातोडी नुसती टेकत होती. दगडाची भुकटी पडत होती, पिठासारखी. तो मधूनमधून फुंकर घालीत होता.

ऊन पडवीच्या पायरीपर्यंत आले.

मुरारी उठला. आप्पांसमोर येऊन त्याने छिन्नी त्यांच्या पायांशी ठेवली आणि माथा टेकला. त्याचे डोळे भरले होते.

“आप्पा, डोळे उघडले. आता हा खांदा चार वर्षं टिको, नाहीतर दहा. माझी तक्रार नाही.”

आप्पा मूर्तीकडे वळले नाहीत. 

“केव्हा उघडलेस?”

“आत्ता. तुम्ही इथेच होतात की.”

“इथेच होतो. कान लावून बसलो होतो. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तुझा एकही घाव ऐकू आला नाही.”

“… हो, आप्पा.”

थरथरता हात त्याच्या उजव्या खांद्यावर येऊन विसावला.

“उद्यापासून शिकायला ये.”