अर्धे ऐकणारे राज्य

एका राज्यात देव मानणारे पुष्कळ होते, न मानणारेही पुष्कळ होते, आणि दोघे एकमेकांशी अखंड भांडत. बाजारात भांडत, पंगतीत उष्ट्या हातांनी भांडत. त्या कलकलाटाने डोंगरावरच्या कालकेतू मांत्रिकाचे तप मोडले. त्याने शाप दिला, "तुम्ही एकमेकांचे ऐकतच नाही. मग ऐकू तरी कशाला यावे?"

त्या क्षणापासून देव मानणाऱ्याचा शब्द न मानणाऱ्याच्या कानी पडेना, आणि त्याचा याच्या. एकाच घरात आई हाका मारी आणि लेक पाठ करून बसे. राजवैद्य मेधांक देव मानत नसे. देव मानणारे रोगी समोर विव्हळत, पण कुठे दुखते ते त्याला कळेना. एक बाळंतीण त्याच्या हातून जाता जाता वाचली, तेव्हा तो राजा सुबाहूकडे गेला आणि कालकेतूला भेटायची परवानगी मागू लागला. देवीची पुजारीण सुव्रता तेच मागायला आधीच येऊन उभी होती. देव मानावा की नाही, हे राजाचे स्वतःचे अजून ठरले नव्हते, म्हणून त्याला दोघांचेही ऐकू आले. त्याने त्यांना मिळून धाडले, आणि निरोपाला आपली बोलकी मैना दिली. पक्ष्यांना शाप बाधत नसे.

वाटभर मैना याचे तिला, तिचे याला सांगत राहिली. आधी दोघे वाटेपुरतेच बोलले, मग घरचेही बोलले.

कालकेतूच्या गडाच्या पायथ्याशी वाऱ्याची खिंड होती. तिथला दगडी हत्ती म्हणाला, "ज्याने त्याने दुसऱ्याचे ओझे न्यावे." सुव्रताने औषधांची पेटी डोक्यावर घेतली, मेधांकाने तिचा नंदादीप. वारा अंगावर आला तसा त्याने तळहाताचा आडोसा केला. हात भाजला, पण ज्योत विझली नाही. पलीकडे पोचल्यावर सुव्रताने त्याच्याच पेटीतला लेप त्याला लावला.

पुढे शापित खजिना होता. रत्नांच्या राशीवर एक आरसा ठेवला होता. जो त्यात पाहील त्याचा पक्ष जिंकेल, दुसऱ्या पक्षाची वाचा कायमची जाईल, असे त्यावर कोरले होते. मोह दोघांनाही झाला. दोघेही थोडे थबकले, मग आरशाकडे पाठ करून निघाले. मागे रत्नांचा कोळसा झाला.

गडावर कालकेतू बसला होता. त्याने मैनेला उडवून लावले आणि शेवटची अट घातली. "एकमेकांच्या मनातले सांगा. खरे असेल तेवढेच ऐकू जाईल."

मेधांक म्हणाला, ही भीतीपोटी देव मानते. सुव्रताला नुसते ओठ हललेले दिसले. ती म्हणाली, हा गर्वापोटी मान झुकवत नाही. त्यालाही काही ऐकू गेले नाही. मैनेने वाटेत काय काय सांगितले होते ते दोघे आठवू लागले.

मग मेधांक सावकाश बोलला. "बाई, तुमची लेक पुरात गेली. ती परत द्या, असे तुम्ही देवीला म्हणत नाही. दुःख एकटीने वाहावे लागू नये, म्हणून तिच्यापाशी बसता."

सुव्रताचे डोळे भरले. तिने मान हलवली.

"वैद्यराज," ती म्हणाली, "साथीत लोक नुसते नवस बोलत बसले आणि तुमचा भाऊ गेला. वरून कोणी येणार नाही, म्हणून आपणच धावले पाहिजे, असे तुम्ही मानता."

"असेच आहे," मेधांक म्हणाला. त्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला.

कालकेतूने विचारले, "मग तुमच्यात खरे कोण?"

"ते अजून ठरायचे आहे," दोघे एकदम म्हणाले.

मांत्रिक हसला आणि शाप सुटला. खाली गावात आयांनी हाका मारल्या, लेकांनी ओ दिली. वैद्याच्या ओसरीवर रोगी आपापले दुखणे सांगू लागले. राज्य पूर्ववत झाले.

डोंगर उतरताना मेधांकाने चाचरत विचारले, "पूर आला तेव्हा तुमची देवी कुठे होती, असे विचारले तर राग येईल का?"

"नाही," सुव्रता म्हणाली. "मीही तिला रोज तेच विचारते."

आणि वेस येईपर्यंत ती सांगत राहिली, तो ऐकत राहिला.