जावयासाठी सरळ वाट

समुद्राकाठच्या एका आडगावात एक बागाईतदार राहत होता. घरामागे त्याची माडांची बाग होती आणि बागेत गोड्या पाण्याची विहीर होती. बागेपलीकडे वाळूच्या उंच टेकड्या आणि त्यांच्यामागे समुद्र. त्या किनाऱ्यावर ना झोपडी होती ना होडी. ओल्या वाळूवर खेकड्यांची नक्षी तेवढी दिसे.

टेकड्यांवर मर्यादवेल पसरलेली होती. तिच्या मुळांनी वाळू धरून ठेवली होती. किनाऱ्यावर जाणारी पायवाट त्या वेलीला टाळत, वळणे घेत जाई. गावातले लोक मुलांना सांगत, "माणूस वळतो, वारा वळत नाही." वाट वाकडी होती, म्हणून समुद्रावरचा वारा वाळू घेऊन बागेत शिरत नसे.

बागाईतदाराच्या मुलीचे लग्न झाले. पहिल्या दिवाळसणाला जावई आला. तो देशावरचा, समुद्र त्याने कधी पाहिला नव्हता. सासरा त्याला किनारा दाखवायला घेऊन गेला. वळणे काही संपेनात. सासऱ्याला तो मामा म्हणत असे.

"मामा," तो हसत म्हणाला, "ही वाट आखणारा ताडी पिऊन आला होता का?"

सासरा ओशाळला. घरी येऊन त्याने बायकोला सांगितले की, उद्याच वाट सरळ करून घेतो.

"अहो, वाट वाकडी का आहे, ते त्यांना सांगा तरी," बायको म्हणाली.

"पहिल्या सणाला जावयाचा शब्द खाली पाडू?"

दुसऱ्या दिवशी त्याने गडी लावले. वेल उपटली, टेकडी मधोमध फोडली. आता घराच्या पडवीतून थेट समुद्र दिसू लागला. जावयाने पाहिले, बरे दिसते म्हणाला आणि बायकोला घेऊन आपल्या गावी निघून गेला.

वारा मात्र रोज येऊ लागला. शिमग्यापर्यंत बागेतली माडांभोवतीची आळी वाळूने भरली. उन्हाळ्यात सासू रोज विहिरीतून घागरभर पाणी आणि त्याबरोबर ओंजळभर वाळू काढू लागली. पावसाळ्यात उधाण आले. त्याला आजवर टेकडी अडवत असे. आता ते फोडलेल्या वाटेने सरळ आत आले आणि विहीर खारट करून गेले.

पुन्हा दिवाळी आली, जावई आला. अभ्यंगस्नानाच्या पहाटे सासू त्याला म्हणाली, "जावईबापू, उटणं लावून थोडं थांबा. पाणी गावाच्या वरच्या विहिरीवरून आणावं लागतं."

जावयाने कारण विचारले. सासऱ्याने त्याला मागे नेऊन विहीर दाखवली, वाळूत रुतलेले माड दाखवले आणि वाट वाकडी का होती तेही सांगितले.

जावयाने वाकून एका माडाच्या बुंध्यापाशी साचलेली वाळू हाताने बाजूला सारली. मग म्हणाला, "मामा, मी तर थट्टा केली होती. तेव्हाच सांगितलं असतंत, तर मीच नको म्हटलं असतं."

त्या सणाला जावयाने फराळ थोडा खाल्ला आणि फोडलेल्या वाटेवर मर्यादवेलीच्या फांद्या पुष्कळ लावल्या. वेल पुढे हळूहळू पसरली. विहीर गोड व्हायला मात्र फार पावसाळे जावे लागले.

तात्पर्य: पाहुण्याच्या भिडेखातर मोडलेल्या मर्यादेची किंमत घरच्यांनाच मोजावी लागते; म्हणून पाहुण्याला ती मोडायची होती की नाही, हे आधी विचारलेले बरे.