हट्टी खरवडणी

लोखंडालाही तोंड होतं, त्या काळची ही गोष्ट. खोटी वाटली तर तेलाच्या टाकीलाच विचारा. त्या टाकीत तेलावर एक छप्पर तरंगायचं; तेल उपसलं की खाली, भरलं की वर. त्याच्या कडेला गोल बसवलेली खरवडणी उतरताना भिंतीला चिकटलेलं तेलातलं मेण खरवडून तेलात पाडायची. छपरावर साचलेलं पावसाचं पाणी मधोमध बसवलेली नळी बाहेर सोडायची.

"किती करकरतेस गं! भिंतीचं मेण भिंत बघून घेईल," छप्पर एकदा खेकसलं.

"छप्परदादा, ते उन्हात वितळून तुमच्याच अंगावर येईल."

दादांनी ऐकलं नाही. उतरताना मुद्दाम तिरके झाले. एका बाजूला खरवडणी भिंतीपासून सुटली, तिथलं मेण तसंच राहिलं, उन्हात ओघळलं आणि नळीच्या तोंडात थिजलं. मग आभाळ फाटलं. झुकलेल्या कडेला तळं साचलं, छप्पर तेलात बुडू लागलं.

"नळे, गीळ की लवकर!"

"काय गिळू? घसा बुजलाय, आणि पाणी तुमच्या कडेला!"

"रडू नका दोघंही," खरवडणी म्हणाली. "दादा, सरळ व्हा. मी रेटते."

"मोडशील गं!"

"मग मोडेन."

दबल्या बाजूने तिने भिंतीला रेटा दिला. तिची पाती वाकली, पण तिने भिंत सोडली नाही. छप्पर हळूहळू सरळ झालं, सगळं पाणी मधोमध धावलं. खालच्या कोमट तेलाने मऊ झालेला मेणाचा बोळा त्या भाराने सुटला. नळीने घटाघटा पाणी ओढलं.

छप्पर वर आलं. "आता नाही हं तिरका होणार," ते पुटपुटलं.

"व्हा की," वाकडी खरवडणी म्हणाली. "मी काही भिंत सोडत नाही."