डब्याने धरलेलं झाकण

डबे-मापटी बोलत, त्या काळची ही गोष्ट. मापट्यांशी माझा जुना घरोबा, म्हणून कानावर आली.

एस्तेरबाईचा नवरा आजारी होता. डब्यात एका वेळचेच तांदूळ उरले होते, तरी ती नेहमीसारखी रांधण्याआधी चर्चसाठी मूठभर तांदूळ, म्हणजे देवाची मूठ, बाजूला काढायला आली. डब्याने झाकण घट्ट धरलं. "मग पोरं काय खातील?"

"सोड रे दादा," मापटं म्हणालं. "मला रोज रिकामं करतात, म्हणून तर रोज भरतात."

एस्तेरबाईने जोर लावून झाकण काढलं, मूठ बाजूला ठेवली, उरलेल्याचा भात केला. जेवणं झाल्यावर म्हणाली, "बापा, आज भागलं. उपकार तुझे."

सकाळी चर्चच्या पाळकबाई सगळ्या घरांच्या मुठींतून जमलेले तांदूळ एस्तेरबाईला द्यायला घेऊन दारात आल्या, तर डबा पुन्हा घट्ट!

"अरे शहाण्या," मापटं हसलं, "आता तरी उघड. तुलाच भरायला आल्यात!"