तितरी आणि एक पाय उचललेला कुत्रा

तितरीचं कुणी खरं मानलं नाही. कुणी म्हणजे कुणीसुद्धा नाही, बाळांनो! स्वतःच्या दोन डोळ्यांनी बघून आलेली गोष्ट तिने सांगितली, पुन्हा सांगितली, चोच कोरडी पडेपर्यंत सांगितली. आणि ऐकणारे सगळे माना वाकड्या करून एकमेकांकडे बघत हसले. खरं बोलणाऱ्याला असं हसलं की त्याच्या अंगाचा कसा तिळपापड होतो, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

ज्या माळावर हे घडलं तो माळ दगडांचा आणि कुसळांचा. त्यातलं उंच गवत माणसांनी कापून नेलेलं, म्हणून लपायला एकच दाट जागा उरली होती, तरवडाची जाळी. तितर, लावे, लावऱ्या, झाडून सगळे त्या एका जाळीत दाटीवाटीने राहत असत. आपली तितरीही तिथलीच. अंगाने गुबगुबीत, चालीने ठसकेबाज, तोंडाने फटकळ. तिला नऊ पिल्लं होती. पिल्लांना पंख फुटले होते, पण उडण्यापेक्षा एकमेकांना झोडपायलाच ते जास्त कामाला येत. उडाली तर शेजारच्या बोरीपर्यंत, आणि तिथे धप्पकन खाली. तिची सगळी काळजी ती एवढीच : संकट आलं तर ही नऊ भोपळी उडणार कशी?

आणि संकट आलंच. शिकारीला बंदी नव्हती, त्या काळची ही गोष्ट. एका सकाळी माळाच्या कडेला हूड काढलेली जीप थांबली. तिच्यातून बापूसाहेब नावाचा एक पोटसुटा शिकारी उतरला, खांद्याला दुनळी बंदूक. मागून उडी मारली त्याच्या कुत्र्याने. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, लोंबते कान, नाव शिलेदार. तितर आणि लावे मारायला हे दोघे सारा मुलूख पालथा घालत. आज या माळावर, तर चार दिवसांनी कुठल्या कुठे. जीप हाकायला हैबती नावाचा माणूस होता. तो जीपमधून खाली उतरतच नसे.

शिलेदार हुंगत हुंगत जाळीपाशी आला, एक पाय उचलून, शेपूट ताठ करून जागच्या जागी थिजला. पाखरांची रीत पूर्वीपासूनची अशी की कुत्रा दिसला की दबून बसायचं आणि बूट अगदी अंगावर आला की एकदम भर्रकन उडायचं. तसे ते बसले आणि तसेच उडाले. धाड! धाड! दोन लावे परत आले नाहीत. तितरीची पिल्लं उडू शकली नाहीत म्हणूनच वाचली. पानांखाली डोळे मिटून पडून राहिली.

संध्याकाळी बैठक बसली. थोरला लावा, ज्याला सगळे आबा म्हणत, तो मातीच्या ढेकळावर चढून बसला. दोष कुणाचा, हे ठरवायचं होतं.

"पहाऱ्यावरची टिटवी उशिरा ओरडली," आबा म्हणाला.

"मी का म्हणून?" टिटवी किंचाळली. "वारा फिरला, मला दिसलं नाही!"

"वारा कसला? हिची पिल्लं चिवचिवली," एक लावरी तितरीकडे चोच करून म्हणाली.

"माझी पिल्लं श्वास धरून पडली होती!" तितरी फिस्कारली. "तुझ्यासारखी पिसं फुगवून नव्हती बसली!"

झालं. दोष कुणाचा ते ठरलंच नाही, भांडण तेवढं झालं.

दुसऱ्या दिवशी तितरी पिल्लांना घेऊन ओढ्याकाठी वाळवी टिपायला गेली. नेमका तिथेच शिलेदार समोर उभा! एक पाय वर, नाक तिच्या रोखाने. मागे बापूसाहेबाच्या धोतराचा सोगा बोरीच्या काट्यांत अडकला होता आणि तो बोरीला शिव्या देत होता. तितरी दबून बसली. क्षण गेला, दोन क्षण गेले. कुत्रा हलेना. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर माशी बसली. माशी नाकावरून डोळ्यापर्यंत चालत गेली. तरी हलेना. तितरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा कुत्रा दोरीशिवाय बांधलेला आहे! कालही मालकाचं "हां" ऐकल्यावरच तो हलला होता. मालक येऊन "हां" म्हणत नाही तोवर याला पाऊल टाकायची परवानगी नाही.

ती उठली. पिल्लांना म्हणाली, "उडायचं नाही, पळायचं नाही. माझ्या मागून, चालत." आणि कुत्र्याच्या नाकापुढून दहा जणांची वरात शांतपणे निघून गेली. शिलेदाराने फक्त बुबुळं फिरवली.

हेच तिने बैठकीत सांगितलं, आणि हेच कुणी मानलं नाही.

"कुत्रा आणि तोंडासमोरून जाऊ देतो!" आबाला हसता हसता ठसका लागला. "तितरीबाई, तुम्हाला ऊन लागलंय. सावलीत बसा."

"आबा, मी त्याच्या मिशा मोजल्या!"

"किती होत्या हो?" टिटवीने विचारलं, आणि जाळी पुन्हा खदखदली.

"हसा," तितरी म्हणाली. "पंख आहेत तुम्हाला. उडाल आणि गोळी खाल. माझ्या पोरांना तेही जमत नाही. पण एक सांगते, उद्या तुमच्यातला एक जरी उडाला तरी बंदूक जाळीवर चालणार, आणि तिथे माझी नऊ असणार. मग मी आहे आणि तुम्ही आहात!"

तिसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत जीप पुन्हा आली. शिलेदार सरळ जाळीकडे आला, दहा पावलांवर एक पाय उचलून थिजला. बापूसाहेब अजून खाली उतारावर होता, पोट सावरत, धापा टाकत.

"दबा!" आबा पुटपुटला. "बूट आला की उडा!"

"आबा, चालत निघा. अजून वेळ आहे," तितरी म्हणाली.

"दबा म्हणतो ना!"

सगळे दबले. तितरीने पिल्लांकडे पाहिलं. अठरा डोळे तिच्याकडे लागलेले. आता बोलून उपयोग नव्हता. ती जाळीतून बाहेर पडली, ती मागच्या बाजूने नाही, पुढच्या बाजूने. थेट कुत्र्याकडे. जाळीतल्या पाखरांनी डोळे गच्च मिटले. फक्त टिटवीने उघडे ठेवले, कारण बघितल्याशिवाय तिला राहवत नसे.

तितरी शिलेदाराच्या पुढ्यात उभी राहिली आणि मान वर करून म्हणाली, "का रे? खाणार आहेस मला?"

"बाई, बाजूला हो," शिलेदार ओठ न हलवता म्हणाला. "मी कामावर आहे."

"कसलं काम?"

"उभं राहायचं. तुम्ही कुठे आहात ते मालकाला दाखवायचं. ते 'हां' म्हणेपर्यंत मला शेपूट हलवायचीही मुभा नाही. लहानपणी एकदा हललो होतो, पाठीवर वेताची छडी बसली. तेव्हापासून नाही हललो."

"कान का थरथरतोय मग?"

शिलेदाराने बुबुळं तिरकी करून मालक किती लांब आहे ते पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "गोचिडी. जीव नकोसा केलाय. खाजवता येत नाही ना."

तितरीने उडी मारली, त्याच्या कानाला लोंबकळली आणि टच्चकन एक गोचीड टिपली. गटकन गिळली. "बरी आहे," ती म्हणाली. "कुठली ही?"

"ती काठेवाडची. डाव्या कानात सगळ्या काठेवाडच्या. उजव्या कानात माळव्याच्या. मानेखाली आहेत त्या कालपरवाच्या, तुमच्याच माळाच्या."

"एवढा मुलूख हिंडलास आणि आणलंस काय, तर हे!"

"जरा डावीकडे, बाई. हां... तिथेच. आई गं!"

टिटवीने हे सगळं पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा ती कुजबुजली, "आबा, डोळे उघडा. ती त्याचे कान साफ करतेय."

आबाने एक डोळा उघडला. मग दुसरा. मग चोच उघडली ती मिटेना.

"बघत काय बसलात?" तितरी कानावरूनच खेकसली. "पोरांना पुढे घाला आणि मागच्या अंगाने चालायला लागा! आणि आबा, पंख उचललात तर याद राखा!"

या वेळी मात्र कुणी हसलं नाही. पुढे नऊ पिल्लं, मागे लावऱ्या, मागे लावे, आणि सगळ्यांत मागे मान खाली घालून आबा, अशी ती रांग जाळीच्या मागून निघाली आणि दगडांच्या आडोशाने पलीकडच्या खळग्यात उतरली. कानांतली शेवटची गोचीड टिपून तितरीही निघाली.

बापूसाहेब धापा टाकत आला. बंदूक खांद्याला लावली आणि जाळीवर दणकन लाथ मारली. आतून एक सरडा बाहेर आला. त्याने बापूसाहेबाकडे पाहून दोनदा मान हलवली आणि परत आत गेला.

"हां! शोध!" बापूसाहेब ओरडला.

शिलेदार मोठा इमानी. वास काढत तो खळग्यापाशी गेला, एक पाय उचलून थिजला. तितरी त्याच्या मानेखाली हजर. बाकीचे चालत बोरीकडे. बापूसाहेब आला, खळग्यात धोंडा टाकला. रिकामा. मग बोरीपाशी. मग ओढ्याकाठी. मग पुन्हा तरवडाच्या जाळीत, कारण पाखरं फिरून फिरून घरी आली होती! माळाला सात प्रदक्षिणा झाल्या. प्रत्येक वेळी कुत्रा खरं सांगत होता, आणि प्रत्येक वेळी त्याचा मालक पोहोचेपर्यंत पाखरं पायी निघून गेलेली असत. पिल्लांना तर हा खेळच झाला. पाचव्या फेरीला धाकटं पिल्लू कुत्र्याच्या उचललेल्या पायाखालून मुद्दाम दोनदा गेलं, आणि आईची टोच खाऊन तिसऱ्यांदाही गेलं.

दुपार कलली. बापूसाहेब जीपला टेकून मटकन खाली बसला. धोतराच्या चिंध्या, बुटात खडे, झोळी रिकामी.

"काडतुसं सर्दलीत," तो म्हणाला.

"तुम्ही एकही उडवलं नाही, साहेब," हैबती जागेवरूनच म्हणाला.

"मग ऊन डोळ्यांवर येत होतं."

"ढगाळ आहे, साहेब."

"मग तू गाडी लांब उभी केलीस!"

"तुम्हीच सांगितलंत."

बापूसाहेबाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि शेवटी शिलेदाराकडे पाहिलं. "या कुत्र्याचं नाक गेलं! सगळीकडे खोटंच उभं राहतंय. जिथे काही नाही तिथे पाय वर करतंय!"

"साहेब," हैबती म्हणाला, "जाळीत ताजी विष्ठा दिसली असेल ना? पिसं? खाली वाकून पाहिलंत?"

"मी वाकू? मी? मी अर्धा मुलूख हिंडलोय!"

हैबतीने जीप सुरू केली.

शिलेदार मागच्या बाजूला उडी मारून बसला. मुलुखामुलुखांच्या गोचिडी गेलेले त्याचे कान वाऱ्यावर हलके हलके उडत होते. जीप जाळीजवळून जाताना तितरी दगडावर उभी होती.

"बाई," तो म्हणाला, "मी खरं सांगत होतो."

"मला ठाऊक आहे रे बाबा. माझंही कुणी मानलं नव्हतं. आमचे आबा दोन दिवसांत शहाणे झाले. तुझा मालक माणूस आहे, त्याला जरा जास्त वेळ लागणार."

शिलेदार हसला. आणि जीप वळणावर जाईपर्यंत, दिवसभरात पहिल्यांदा, कुणाची परवानगी न घेता त्याने शेपूट हलवली.

त्या संध्याकाळी पुन्हा बैठक बसली. आबा ढेकळावर चढला, घसा खाकरला आणि म्हणाला, "चालत जायची युक्ती मला पहिल्यापासूनच पटली होती." जाळी अशी हसली की ढेकूळ फुटलं आणि आबा खाली आला. तितरी तेवढी हसली नाही. तिने पुन्हा कुत्रा आला तर चालत निघायला कोणकोणत्या वाटा मोकळ्या ठेवायच्या ते सगळ्यांना दाखवलं, पिल्लांना पंखाखाली घेतलं आणि मगच पोट धरून हसली.

इकडे घरी पोहोचल्यावर बापूसाहेबाला बाईसाहेबांनी दारातच विचारलं, "अहो, हात हलवत आलात? चुकलं कुणाचं?" आणि त्याने क्षणाचाही विचार न करता बोट दाखवलं.

तात्पर्य : जो जागेवर उभा राहून बघतो, त्याचं आधी ऐकावं आणि स्वतः वाकून खात्री करावी. जो ऐकत नाही आणि वाकत नाही, त्याला स्वतःची चूक जन्मभर सापडत नाही. दोष द्यायला एक नाव तेवढं सापडतं, शिलेदार.