पाटी मळकी, पंप मुका

गप बसा. बेडकी येते आहे.

माळावर एक हौद होता. हौदात चिमी बेडकी राहायची. एका दुपारी म्हैस आली. सुर्रर्र, सुर्रर्र. सगळं पाणी प्याली. ढेकर दिला आणि गेली.

चिमी कोरडी पडली. पाठ तापली, पाय भाजले.

"हौदोबा, हौदोबा, पाणी दे."

हौद म्हणाला, "माझ्याकडे कुठलं? पंपाने दिलं तर देतो."

चिमी निघाली. टुणटुण, टुणटुण.

"पंपभाऊ, पंपभाऊ, पाणी दे. हौद कोरडा, बेडकी उन्हात."

पंप म्हणाला, "पाटीने वीज दिली तर देतो."

पाटी म्हणजे शाळेतली नव्हे. ही खांबावरची. निळी, मोठी. ऊन खाते, वीज देते.

टुणटुण, टुणटुण.

"पाटीताई, पाटीताई, वीज दे. पंप मुका, हौद कोरडा, बेडकी उन्हात."

पाटी म्हणाली, "कशी देऊ? कावळा माझ्या तोंडावर शिटला. एकदा नाही, नऊदा. तोंड पुसलं तर देते."

म्हशीची मालकीण मथूआत्या लिंबाखाली बसली होती. खांद्यावर फडकं होतं.

टुणटुण, टुणटुण.

"मथूआत्या, मथूआत्या, पाटी पूस. पाटी मळकी, पंप मुका, हौद कोरडा, बेडकी उन्हात."

आत्या उठली. पाटीपाशी आली. घाण पाहून तिने नाक मुरडलं.

"सुक्या फडक्याने काचेवर चरे पडतात," ती म्हणाली. "फडकं ओलं झालं तर पुसते."

कावळा पाटीवरच बसला होता. शेपटी वर करून. दहाव्यांदा.

टुण... टुण... चिमीच्यात आता दम नव्हता.

"कावळोबा, कावळोबा, पाणी आण. फडकं सुकं, पाटी मळकी, पंप मुका, हौद कोरडा, बेडकी उन्हात."

कावळा म्हणाला, "आणतो की. आधी तुला खातो."

झप! चिमी चोचीत.

बेडकीला कुणी धरलं, की ती एकच काम करते. चिमीने तेच केलं.

शूऽऽऽ!

थोडी कावळ्याच्या घशात गेली. बाकी सगळी आत्याच्या फडक्यावर.

थू, थू, थू! कावळ्याने चिमीला टाकलं आणि धूम पळाला.

आत्याने फडक्याकडे पाहिलं. चिमीकडे पाहिलं.

"ओलं ते ओलं," ती म्हणाली आणि पुसायला लागली. खस खस, खस खस.

पाटी हसली. पंप बोलला, घर्र घर्र. हौदात पाणी पडलं, धो धो.

आणि चिमी? डुबुक!

फडकं ओलं, पाटी लख्ख, पंप बोलका, हौद भरला, बेडकी पाण्यात.

म्हैस परत आली. सुर्रर्र प्याली. पाणी परत आलं. पी म्हणावं किती पितेस.

गावाने हे पाहिलं. आता गावात सात हौद, सात पाट्या. आणि दर हौदात एक बेडकी. फडक्यासाठी.

झालं. उठा आता. हात धुवा.