एका कोंबडीत दोन उपवास

एका खाडीकाठच्या गावात इनास नावाचा एक शिडं शिवणारा राहत होता. गावाच्या एका टोकाला ख्रिस्ती लोकांचं चर्च होतं, दुसऱ्या टोकाला मुसलमानांची मशीद होती, आणि इनासचं घर नेमकं मधोमध. तो जन्माने ख्रिस्ती. पण आई बाळंतपणातच गेली. तेव्हा शेजारच्या जैतुनबीने आपल्या याकूबबरोबर त्यालाही अंगावर पाजलं. दोघे दूधभाऊ एकाच ओसरीवर वाढले.

मोठा झाल्यावर इनास रविवारी चर्चमध्ये जाई आणि शुक्रवारी मशिदीत. कोणी विचारलं तर म्हणे, "मी दोन्ही आहे. देव एकच, मग मी कशाला निवडत बसू?" बोलणं गोड होतं. गावालाही ते आवडायचं.

पण त्याचं वागणं बघा. ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ येतो. त्या गावात तेव्हा मासळी चाले, पण मटण-कोंबडीला कोणी शिवत नसे. अशा वेळी इनास म्हणे, "मी तर मुसलमान," आणि खालच्या मुसलमान आळीत जाऊन मटणावर ताव मारी. रमजानात मुसलमान दिवसभर पाण्याचा थेंब घेत नसत. तेव्हा हा भर दुपारी जेवून ढेकर देई आणि म्हणे, "मी तर ख्रिस्ती." ईदचा शीरखुर्मा मात्र त्याने कधी चुकवला नाही आणि नाताळचा केकही नाही. लोक हसत आणि सोडून देत.

रमजानचा महिना चंद्रावर चालतो, म्हणून तो दरवर्षी थोडा आधी येतो. सरकत सरकत एका वर्षी तो नेमका ईस्टरच्या उपवासावर येऊन बसला. इनासची पंचाईत झाली. दोन्ही आळ्यांनी विचारलं, "यंदा आमच्याबरोबर ना?" त्याने दोघांनाही हो म्हटलं. मग काय, दिवसा मुसलमान बघत होते आणि संध्याकाळी ख्रिस्ती बघत होते. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी त्याची गत झाली.

पौर्णिमेच्या दुपारी त्याला राहवलं नाही. घरची एक कोंबडी आणि एक मडकं घेऊन तो खाडीपलीकडच्या तिवरांच्या झाडीत शिरला. तिथे त्याने चूल मांडली. एका कोंबडीत दोन उपवास मोडले!

खाडीला उधाणाची भरती होती. समोरच बावतीस या ख्रिस्ती कोळ्याची नवी होडी खुंट्याला बांधलेली होती. पाण्याच्या ओढीने खुंटा हलू लागला. इनासने ते पाहिलं. एक हाक मारली असती तर लोक धावत आले असते. पण लोक आले असते तर त्यांनी कोंबडीही पाहिली असती. तो गप्प बसला. म्हणाला, बघेल कोणीतरी. कोणीच बघितलं नाही. खुंटा उपटला, होडी खडकावर आदळली आणि तिच्या फळ्या झाल्या. खुंटा, दोर सगळं दर्यात गेलं.

आता आदल्याच दिवशी होडी लावण्याच्या जागेवरून बावतीसचं आणि याकूबचं भांडण झालं होतं. याकूब तापट. रागाच्या भरात सगळ्यांसमोर तो ओरडला होता, "तुझा खुंटाच उपटून टाकतो बघ!" झालं. आळ त्याच्यावर आला. दोन्ही आळ्यांचे पंच धक्क्यावर बसले. त्यांनी ठरवलं की याकूबचा गुन्हा शाबीत झाला, तर त्याने पुन्हा या खाडीत होडी घालायची नाही. याकूबचं पोट मासेमारीवर; त्याला खाडी बंद म्हणजे गावच बंद. जैतुनबी म्हातारी, पोराशिवाय तिला कोण? दोन्ही आळ्यांतलं बोलणंही बंद पडत चाललं होतं.

इनासला भावाचं दुःख बघवेना. तो पंचांपुढे उभा राहिला. "खुंटा उधाणाने उपटला. मी पाहिलं. याकूब तिथे नव्हता."

"तू कुठे होतास?" बावतीसने विचारलं.

"होतो असाच... काठावर."

"शपथ घेशील?"

"दोन्ही घेतो. क्रुसावर हात ठेवतो आणि कुराणावरही ठेवतो."

बावतीस कडवट हसला. "एकीतून निसटायला दुसरी हवीच ना तुला! तुझा उपवाससुद्धा कधी धरून राहिला नाही, तुझी शपथ काय राहणार?"

इनासने आशेने दुसऱ्या बाजूला पाहिलं. तिथे याकूबचा सख्खा मामा इस्माईल नाखवा बसला होता. साक्ष त्याच्याच भाच्याच्या फायद्याची होती. पण त्यानेही मान हलवली. "पोरा, तू खरं बोलत असशील. पण तुझ्या शब्दावर मी माझं जाळंसुद्धा टाकणार नाही."

निकाल दुसऱ्या दिवसावर गेला. इनास सुन्न झाला. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलण्याची निकड होती, आणि त्याचं खरं कोणी घेत नव्हतं.

संध्याकाळी फादर आणि मौलवीसाहेब बदामाच्या झाडाखाली बोलत बसले होते. दोघांची जुनी मैत्री. इनास त्यांच्यापुढे जाऊन बसला. "मला खरं सांगा. एका माणसाला दोन्ही धर्म पाळता येत नाहीत का?"

फादर म्हणाले, "आम्ही येशूला देवाचा पुत्र मानतो. आमची सगळी श्रद्धा त्यावर उभी आहे."

मौलवीसाहेब म्हणाले, "आम्ही हजरत ईसांना अल्लाहचे पैगंबर मानतो. त्यांचा मान फार मोठा. पण अल्लाहला पुत्र नाही, ही आमची श्रद्धा. यावर आम्ही दोघं वाद घालत म्हातारे झालो. पण एकाच तोंडाने दोन्हीला हो म्हणता येत नाही, एवढ्यावर आमचं दोघांचं एकमत आहे."

"आणि मी एकाची वाट धरली तर दुसरं घर तुटेल ना?"

फादर म्हणाले, "ते जैतुनबीलाच विचार."

इनास जैतुनबीच्या दारात गेला. रोजा सोडायची वेळ झाली होती. ती भिंतीला टेकून बसली होती. इनासने मान खाली घातली. "माय, मी मशिदीत येत होतो ते तुझ्यासाठी. तू परका म्हणशील, याचं भय वाटायचं. पुढे जेवणाची चटक लागली. मनातून मी ख्रिस्तीच आहे गं."

जैतुनबीने त्याची हनुवटी वर केली. मग म्हणाली, "पाजताना मी तुला धर्म विचारला होता का रे? हे घर दुधाने तुझं झालं. ते टिकवायला खोटी नमाज कशाला हवी? तुझ्या देवापुढे नीट उभा राहा. मग माझ्या पोरासाठीही नीट उभा राहशील."

इनासला रडू आवरेना. तिनेही त्याला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी तो धक्क्यावर आला आणि सगळ्यांपुढे बोलला. "मी ख्रिस्ती आहे. मशिदीत जायचो ते भीतीपोटी आणि पोटापोटी. रोजा मी धरला नव्हता, आणि माझा स्वतःचा उपवासही मोडला. परवा दुपारी मी तिवरांत कोंबडी शिजवत होतो. खुंटा हलताना मी पाहिला. हाक मारली असती तर होडी वाचली असती. मी मारली नाही, कारण मला तुमच्या नजरेची लाज वाटली. होडीचा गुन्हेगार शोधत असाल तर तो मी आहे, याकूब नाही."

बावतीसने दोन माणसं तिवरांत धाडली. ती मडकं आणि मूठभर पिसं घेऊन परतली. चुलीपाशी बसलं की खुंट्याची जागा समोर दिसते, असंही त्यांनी सांगितलं.

फादरांनी क्रूस पुढे केला. इनासने त्यावर हात ठेवून शपथ घेतली. इस्माईल नाखवा उठून म्हणाला, "ही शपथ माझ्या किताबाची नाही. पण आज मी ती मानतो. आता ही घेणाऱ्याच्या स्वतःच्या श्रद्धेची आहे."

बावतीस बराच वेळ त्या पिसांकडे बघत राहिला. मग त्याने याकूबचा हात धरून त्याला उठवलं. इनासला तो म्हणाला, "नवी होडी बांधतो आहे. माझ्याबरोबर राबशील. आणि शीड तू शिवायचंस."

"शिवतो," इनास म्हणाला.

त्या संध्याकाळी मशिदीतून अजान झाली. जैतुनबीने खजूर खाऊन रोजा सोडला आणि घरात पानं मांडली. इनास ओसरीवरच घुटमळत होता. तिने त्याला आत ओढलं. घरच्यांच्या पानांत मटण होतं. इनासपुढे मात्र तिने वेगळं पान ठेवलं. त्यात भात आणि तळलेली मांदेली मासळी होती.

"मटण नाही?" इनासच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"तुझा उपवास आहे," जैतुनबी म्हणाली. "माझ्या घरी तो मोडायचा नाही."

तात्पर्य: माया कितीही घरांवर करावी, आदर प्रत्येकाच्या देवाचा करावा, पण श्रद्धेची वाट एकच धरावी आणि ती पुरती चालावी. जो सोयीपुरता दोन्हींचा होतो, त्याचं खरंही कोणी खरं मानत नाही. जो एकीशी प्रामाणिक राहतो, त्याची शपथ दुसराही मानतो.